कुंपणाखालची वाट

१४ फेब्रुवारी २०१६, रविवार

आठवड्याची सुरुवात भिकार. आज संध्याकाळी आमच्या हरणांच्या राखीवाच्या कुंपणाची फेरी मी स्वतः मारली, कुणाला न सांगता. सांगून मारलेल्या फेरीत कधी काही सापडतं का? पश्चिमेला वादीचा, म्हणजे इथल्या डोंगरी ओढ्याचा, कोरडा पाट कुंपणाखालून बाहेर जातो. तिथं गेल्या महिन्यातल्या पावसानं जाळीखालची माती नेलीय. माणूस आडवा होऊन सरपटत जाईल एवढा खळगा. पावसानं केला, मान्य. पण खळग्यातली वाळू झाडून सारखी केलेली. खराट्याच्या ओळी अगदी स्पष्ट. पाऊस काही खराटा घेऊन येत नाही.

रोजच्या फेरीचं काम तात्या परबाचं. आमच्या पहारेकऱ्यांचा मुकादम, मालवणकडचा, एकोणीस वर्षं मस्कतात. वहीत रोज लिहितो, ‘कुंपण ठीक’. तीन आठवडे ठीक, ठीक, ठीक!

वाळू कोण कशाला झाडेल? ठसे पुसायला. दुसरं काय.

१५ फेब्रु., सोम.

काम फत्ते. तात्या साडेसहाला येतो. मी पाचलाच पोचलो. दुसऱ्या साइटवरची दोन माणसं नेली, आपल्या पोरांवर भरवसा नाही. जाळी खाली ओढली, दगड रचले, वरून तारेनं आवळलं. उजाडायच्या आत खलास.

तात्या आला, पाहिलं, आणि त्याचा चेहराच पडला. बाकी वेळ माझ्याशी शुद्ध मराठी बोलतो, घाबरला की मालवणी. म्हणाला, “सायबानू, थंय बंद करूक नको होता.”

“का? तुम्हाला काय अडचण?”

गप्प. खराटा हातात तसाच. मी म्हटलं, “वहीत ठीक लिहीत होता, आता खरंच ठीक झालं.”  ज्याचं मन साफ तो बोलतो बाप्पा. गप्प कोण बसतो, ते मला शिकवू नका.

१८ फेब्रु., गुरु.

पलीकडच्या अमेरात वस्तीच्या बाजूला अजून एक व्हिलांची रांग उठतेय. तीन वर्षांपूर्वी मी इथं आलो तेव्हा राखीवातून एक घर दिसत नव्हतं. आता लोक गच्चीवर चहा पीत आमची हरणं बघतात. त्यातला कोण नुसतं बघतो आणि कोणाच्या घरी बंदूक आहे, हे कुणी सांगावं? आजपासून गाड्यांचे नंबर लिहायला घेतले. पांढरी पिकअप, दोनदा.

घरी बायको, रजनी, म्हणाली, “वही कसली?” सांगितलं. “अरे, हा नंबर शिलाईवालीच्या नवऱ्याचा, रोज तिला आणायला येतो. मी ओळखते त्यांना.” एक नंबर खोडला.

२१ फेब्रु., रवि.

मोजणी. जानेवारीत एकतीस हरणं होती. आज चोवीस.

पुन्हा मोजली. पाण्याच्या टाकीपाशी मी दक्षिणेला, सैद उत्तरेला. सैद म्हणजे सरकारी पहारेकरी, इथलाच डोंगरातला, म्हातारा. शब्द मोजून देतो. संध्याकाळी परत मोजली. चोवीसच. कळपातल्या माद्या कमी झाल्यात. इथल्या माद्यांनाही शिंगं असतात, त्यातली शिंगं मोडलेली ती म्हातारीही नाही.

सात हरणं! लेकहो, सात! हवेत विरली का? खळगा बंद करायच्या आधीच नेली असणार. उशीर झाला मला. जेवण गेलं नाही.

२३ फेब्रु., मंगळ.

सापडला पुरावा. बंद केलेल्या खळग्यापाशी, आतल्या बाजूला, घाफच्या, म्हणजे इथल्या शमीच्या, झाडाखाली: नारळ, विड्याचं पान, सुपारी, एक बिडी, गुळाचा खडा. दगडावर नीट मांडलेलं.

पहिला विचार, आमिष. गूळ आहे. दुसरा विचार, खूण. बाहेरच्याला सांगायची, ‘इथून’.

सैदला बोलावलं. तो चार पावलं लांबच थांबला. “अस्तग्फिरुल्ला. सिहर.” म्हणजे करणी. हात लावू नको म्हणाला. मजूर तर पार पळाले, पश्चिमेच्या बाजूला काम करणार नाही म्हणतात. आणि सगळे बघतात माझ्याकडे! “सर, ये आपके लोगों का है ना?” माझे लोक कोण रे? मी बौद्ध माणूस. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला. माझ्या बापानं जन्मात नारळ फोडला नाही, चटणीला सोडून. हे सगळं समजावून सांगायला हिंदी पुरत नाही आणि अरबी तर नाहीच.

फोटो काढले. नारळाला शेंडी आहे. शेंडी ठेवणारा हिंदूच. आमच्याकडे हिंदू नऊ. त्यातला तो कोण, मला माहितेय.

२६ फेब्रु., शुक्र.

सुटी. मत्रहच्या जुन्या बाजारात गेलो, पूजेचं सामान ठेवणाऱ्या त्या जुन्या गुजराती शेठकडे. विचारलं, शेंडीवाला नारळ कोण कोण नेतं?

शेठनं चष्म्यावरून पाहिलं. “साहेब, अर्धं मस्कत नेतं. तुम्हाला किती देऊ?”

एक घेऊन आलो. रिकाम्या हातानं कसा निघणार? पोट्टीनं टेबलावर पाहिला आणि किंचाळली, “आई! बाबा ब्रॉट अ कोकोनट, विथ हेअर!” मराठीत बोल म्हटलं तर म्हणे, “नारळाला केस… आहे.” असू दे.

रजनी हसत सुटली. म्हणाली, “तुझा भुतावर विश्वास नाही, पण चोरावर भारी श्रद्धा आहे हं. सकाळ-संध्याकाळ त्याचंच नाव.” मला नाही आवडलं. सात हरणं गेली तेव्हा हसायचं काहून? नारळाची चटणी मात्र चांगली झाली.

२९ फेब्रु., सोम.

अहवाल लिहिला. दीड पान. खळगा मुद्दाम उघडा ठेवला, वाळू झाडून ठसे पुसले, वहीत खोटी नोंद, आमिष किंवा खूण ठेवली, सात हरणं बेपत्ता. शेवटी नाव. नावापाशी थांबलो. मग लिहिलं. फोटो जोडून मुदीरला पाठवला. मुदीर म्हणजे आमचे मोठे साहेब, ते मेल दुपारनंतर बघतात.

तात्या आज चहाच्या वेळी लांब बसला होता. एकटाच. पूर्वी माझ्यासाठी घावनं आणायचा, डब्यात.

ते आठवून काय करू. हरणांचं बघायचं की घावनांचं?

३ मार्च, गुरु.

मुदीरनी दोघांना बोलावलं. फोटो समोर ठेवला. तात्यानं बघितला आणि लगेच म्हणाला, हिंदीत, “नारळ मैंने रखा.” बस. का ठेवला, कुणासाठी, खळगा उघडा का ठेवला, हरणं कुठं? एका प्रश्नाचं उत्तर नाही. मुदीरनी तीनदा विचारलं. 

मुदीर शिकारीपेक्षा नारळाला जास्त घाबरले, हे मी बघितलं. पोलीस नको, बोभाटा नको. करार संपवायचा, घरी पाठवायचा. सतरा तारखेचं, गुरुवारचं तिकीट. फायलीत माझा अहवाल राहणार, म्हणजे पुन्हा आखातात कुणी घेणार नाही.

बाहेर आल्यावर तात्या जिन्यात थांबला. वाटलं, शिव्या देईल. म्हणाला, “जातलंय मी, सायबानू. पण चोर म्हणान नको.”

मी काय म्हणालो? “मग बोलायचं होतं ना आत.” आणि उतरून गेलो.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

६ मार्च, रवि.



सकाळी सैदनं बोटानं खुणावलं. “तआल. शूफ.” ये, बघ. गेटबाहेर पडून कुंपणाच्या बाहेरून पश्चिमेला नेलं. मी तिथं बाहेरून कधी गेलोच नव्हतो. माझ्या सगळ्या फेऱ्या आतून.

जाळीच्या बाहेर, मी बंद केलेल्या खळग्यासमोर, जमीन खुरांनी तुडवलेली. जुने ठसे, नवे ठसे, त्यावर अजून नवे. कुंपणाला लागून पन्नास पावलं उत्तरेला गेलेले, तिथून परत, मग दक्षिणेला, परत. लेंड्या, सुकलेल्या आणि ओल्याही. जाळीत केस अडकलेले.

“सात,” सैद म्हणाला. “रोज सुबह आता. तुम्हारा जाली के सामने खड़ा रहता. फिर वादी में वापस.”

मग त्याच्या त्या तुटक हिंदीत सांगितलं. या माद्या संध्याकाळी वादीत चरायला जायच्या, पहाटे परत आत यायच्या. पावसानंतर वादीत गवत आलंय, आत नाही. “ये रास्ता मेरे बाप के टाइम का. जाली तुम्हारा नया.”

पहाटे. मी खळगा पाच वाजता बंद केला. तात्या यायच्या आत. म्हणजे नेमक्या त्या बाहेर होत्या तेव्हा! उजाडल्यावर केला असता, तात्याला विचारून केला असता, तर सातही आत असत्या.

म्हणजे चोर मी. कुणी नेली नव्हती. मीच बाहेर कोंडली.

सैदला विचारलं, आधी का नाही सांगितलंस? “तुम पूछा नहीं. तुम लिखता है, पूछता नहीं.” मग म्हणाला, खळगा उघडा राहू दे, हे तात्याला त्यानंच सांगितलं होतं. नियमात बसत नाही, सरकारी नोकरी आहे, म्हणून दोघं गप्प. मुदीरसमोर तात्यानं त्याचं नाव घेतलं नाही. म्हणून सैदला दोन रात्री झोप नाही. नारळाचं काय, म्हटलं, तू तर सिहर म्हणालास. म्हणाला, तात्याला विचारलं त्यानं, जागेला मान द्यायची त्यांच्या गावची रीत आहे ती. “हराम है. लेकिन आदमी साफ है.”

तो विचारायला गेला. सैद गेला! मराठी येत नाही त्याला, तरी गेला. आणि मी?

७ मार्च, सोम.

सकाळी दगड काढले. तार कापली. जाळी वर बांधली. हाताची सालं निघाली. मदतीला कुणी नको म्हटलं, सैद तरी आला.

मुदीरना पत्र लिहायला बसलो. ‘तपासाअंती असे निदर्शनास आले की…’ खोडलं. कोणाचा तपास? ‘गैरसमजातून…’ खोडलं. कोणाचा गैरसमज? माझा करार मे महिन्यात नवा व्हायचाय. पोट्टीची शाळा, घर, सगळं त्या एका सहीवर. कुंपण मी बंद केलं आणि हरणं मीच बाहेर घालवली, असं लिहिलं तर मुदीर सही करतील? आणि वर लिहायचं की कुंपणाला भोक हवं. ज्याला कुंपण सांभाळायला ठेवलंय, त्यानं!

पत्र तसंच ठेवलं. उद्या.

८ मार्च, मंगळ.

अमेरातच्या उताराच्या रस्त्यावर, नव्या गोल चौकापाशी, कडेला पडलेली. मोडक्या शिंगाची म्हातारी. गाडीनं उडवलेली. पालिकेच्या माणसानं फोन केला, “आपका है क्या?”

हो. माझी आहे.

गाडीत घालून आणली. डोळे उघडे होते तिचे. पंधरा फेब्रुवारीपासून दिवस मोजले. बावीस दिवस रोज जाळीपाशी येऊन उभी राहिली असेल, आणि मी आत बसून पांढऱ्या पिकअपचे नंबर लिहीत होतो.

ऑफिसात जाऊन पत्र पाठवलं. सहा ओळी. खळगा मी बंद केला, न विचारता. हरणं बाहेर राहिली ती त्यामुळे. एक मेलं. तात्या परब यांचा दोष नाही. ती वाट उघडी हवी. तिकीट रद्द करावं. सैदचं नाव घातलं नाही.

रजनीला सांगितलं. ती म्हणाली, “बरं केलंस.” मग भांडी आवरताना, “मे महिन्यात बघू.” चेहरा तिचाही उतरला होता.

१० मार्च, गुरु.

खळग्यात आत येणारे ठसे, दोघींचे!

मुदीरनी बोलावलं. पत्र वाचलं होतं. रागावले नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाले, वाटेचं वर विचारतो. आणि तिकिटाचं? “इन्शाल्ला, बघू.” वर मलाच विचारलं, पण नारळ तात्यानं ठेवला, हे तर त्यानं स्वतः कबूल केलं ना? मजूर अजून घाबरतात ना? मी म्हटलं, साहेब, ते करणी नाही, त्यांच्या गावची जागेला मान द्यायची रीत आहे. मुदीर म्हणाले, “तूच लिहिलं होतंस की ते आमिष आहे. आता म्हणतोस रीत आहे. परवा काय म्हणशील?”

 माझीच दीड पानं माझ्या तोंडावर.

१३ मार्च, रवि.

मोजणी. एकोणतीस. चोवीस अधिक पाच. एक मादी अजून बाहेर आहे, पोटुशी, सैदनं पाहिली वादीत. माणसांना बिचकते, गच्चीवरच्या दिव्यांनाही. जवळ येते आणि फिरते मागे.

संध्याकाळी तात्यांच्या खोलीवर गेलो. सहा माणसांची खोली. बॅग अर्धी भरलेली, वरती नातवासाठी खजुराचा डबा. मला बघून ते उठून उभे राहिले. उभे राहिले, माझ्यासाठी! लाज वाटली हो, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

माफी मागितली. नीट जमली नाही. पत्राचं सांगितलं. त्यांनी ऐकलं, चहा टाकला.

विचारलं, “तात्या, वाळू का झाडत होता?”

“रोज संध्याकाळी सारखी करायचो. सकाळी ठसे मोजायचे. सात भायर गेली, सात आत इली, की मगे वहीत ठीक.”

“मला वाटलं, ठसे पुसायला.”

“पुसूक नाय, सायबानू. वाचूक.”

ही मोजणी माझ्यापेक्षा पक्की. महिन्यातून एकदा नाही, रोज. आणि मी तिला पुरावा म्हणून लिहिलं.

१५ मार्च, मंगळ.

तिकिटाचा निरोप नाही. दोनदा फोन केला, मुदीर बैठकीत. तात्यांचा पासपोर्ट आमच्या ऑफिसातच आहे, तो गुरुवारी सकाळी विमानतळावर देतात की परत कपाटात ठेवतात, तेव्हाच कळणार. सगळ्यांच्या नजरा मला टाळतात असं वाटतं. किंवा तेही माझंच डोकं.

ती मादी आली नाही.

१६ मार्च, बुध.

दुपारी तात्यांना गाडीत घालून राखीवात आणलं. परवानगी काढली नाही. सैदनं गेट उघडलं आणि तोंड दुसरीकडे केलं.

तात्या खळग्यापाशी बसले, हातानं वाळू चाचपली. मी विचारलं, नारळ नेमका कुणाला? म्हणाले, “राखणदाराक. प्रत्येक जाग्याक एक आसता. कुंपण, पाणी, मोजणी आपण करतो, पण राखता तो. तेका इचारल्याशिवाय तेच्या जाग्यात कसा ऱ्हवाचा?”

माझा नाही विश्वास. मी तसं सांगितलंही. ते म्हणाले, “नसूं दे. तुमी फाटक सांभाळा.” आणि हसले, महिन्यात पहिल्यांदा.

मग मी विचारलं, गाऱ्हाणं काय घातलं होतं? ज्या दिवशीच्या नारळाचा फोटो मी काढला, त्या दिवशी. त्यांना सांगायचं नव्हतं. मी हट्ट धरला. शेवटी वादीकडे बघत हळू म्हणाले:

“म्हटलंय, बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा, तुझी भाषा माका येणा नाय, माझी कशी ती समजान घे. भायर रवलली लेकरां सुखरूप घराक येवंदेत. आणि आमच्या सायबाच्या मनात जो काय विकल्प इलो आसा, तो काढून टाक. माणूस चांगलो आसा.”

विकल्प म्हणजे संशय. ते मला सांगावं लागलं नाही.

मी त्या दगडाचे चार बाजूंनी फोटो काढले होते. त्या चौकटीत माझ्यासाठीच मागणं मांडलेलं होतं आणि मी खाली लिहिलं, ‘आमिष किंवा खूण’. रडू आलं. तात्यांसमोरच आलं. ते खराटा शोधायला गेले, म्हणजे मला वेळ मिळावा म्हणून.

मुदीरचा फोन नाही. तात्यांना खोलीवर सोडलं. म्हणाले, सकाळी सहाला ऑफिसची गाडी येईल, ती विमानतळाकडे वळली की कळेल. मी म्हटलं, गाडी येऊ द्या, मी आधी येतो, साडेपाचला. मुदीरच्या घरीही जाईन. दारात उभा राहीन. ते म्हणाले, “आधी खळग्याकडे जावा. ठसे बघूक.”

परतताना पुन्हा राखीवात गेलो. खळग्यातली वाळू झाडून सारखी केली. पहिल्यांदा ओळी वाकड्या आल्या, परत केली. बाहेर वादीत काहीतरी हललं, पण मी वळून पाहिलं नाही, बिचकायला नको. सकाळी पाचला उठायचंय.